तिरकामठा, एकलव्य आणि ईशी

आपल्याकडे धनुष्यबाण म्हटलं की तो एकतर देवघरातल्या रामाच्या खांद्यावर असतो, नाहीतर खराट्याच्या काड्यांचा, मुलांच्या हातात. खरंखुरं धनुष्य हातात घेतलेला माणूस आमच्या नात्यागोत्यात कोणी नव्हता. या वर्षी तो झाला. सॅक्रामेंटोला नोकरी करणाऱ्या माझ्या नातवाने धनुष्य विकत घेतलं आणि फोनवर मला सांगितलं, "अगं आजी, नुसता नेम धरायला नाही घेतलं. पुढच्या वर्षी परीक्षा देऊन परवाना काढणार आहे. हरणाच्या शिकारीला जायचंय."

झालं! घरात दोन तट पडले. सूनबाई म्हणाली, आपल्या घरात हे शोभतं का. मुलगा म्हणाला, दुकानातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मटण आणतो तेव्हा ते झाडावर पिकलेलं असतं का. मग दोघांनी मिळून निवाड्याचं काम माझ्याकडे दिलं. "तुम्ही शाळेत एवढी वर्षं शिकवलंत, आता तुम्हीच सांगा त्याला."

मंडळी, शिक्षकी पेशाने मला एक खोड लावली आहे. निवाडा मागितला की मी आधी धडा उघडते. ही विद्या आली कुठून, ती कोणी कोणाला शिकवली, हे कळल्याशिवाय तिच्याविषयी बोलायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून गेले चार महिने मी पुस्तकं आणि आंतरजाल धुंडाळते आहे. त्यात जे सापडलं ते नातवासाठी लिहून काढलं, आणि इथे तुमच्यासाठीही ठेवते आहे.

नवशिक्यासाठी लिहिलेलं इंग्रजीतलं पहिलं तिरंदाजीचं पुस्तक एका मास्तराने लिहिलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. रॉजर ॲस्कम त्यांचं नाव. केंब्रिजमध्ये ग्रीक शिकवायचे, पुढे राजकन्या एलिझाबेथचे शिक्षक झाले. त्यांचं 'टॉक्सोफिलस' १५४५ साली निघालं आणि त्यांनी ते आठव्या हेन्रीला अर्पण केलं. राजाने खूष होऊन त्यांना वर्षाला दहा पौंडांचं वेतन बांधून दिलं. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. एकाला पुस्तकांचं वेड, दुसऱ्याला धनुष्याचं, आणि दोघे बोलत बसले आहेत. तिरंदाजीचे त्यांनी पाच भाग केले. उभं राहणं, बाण दोरीला लावणं, ओढणं, धरून ठेवणं आणि सोडणं. आज पाचशे वर्षांनीही प्रशिक्षक साधारण याच क्रमाने शिकवतात. त्या काळच्या विद्वानाने लॅटिनमध्ये लिहायचं असा दंडक होता. ॲस्कम यांनी प्रस्तावनेत सांगून टाकलं की लॅटिन किंवा ग्रीकमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण विषय इथल्या लोकांचा आहे तर भाषाही त्यांचीच हवी. मराठी माध्यमातून बीए झालेल्या बाईला हे किती जवळचं वाटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

पण ॲस्कमच्या काळातच बंदूक आली होती. पुढच्या शंभरेक वर्षांत युद्धातून धनुष्य गेलं आणि श्रीमंतांच्या बागेतला खेळ होऊन राहिलं. गवतात लक्ष्य मांडायचं, चार बाण मारायचे आणि चहा घ्यायचा. अमेरिकेत त्याला पुन्हा रानात नेलं ते मॉरिस आणि विल थॉम्प्सन या भावांनी. दोघेही यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले. युद्धानंतर ते दक्षिणेकडच्या रानांत धनुष्य घेऊन हिंडले. मॉरिसचं 'द विचरी ऑफ आर्चरी' १८७८ साली आलं. लोकांना एवढं आवडलं की पुढच्याच वर्षी तिकडे राष्ट्रीय तिरंदाजी संघटना उभी राहिली. काही वर्षांत मात्र ती लाट ओसरली.

आज अमेरिकेत लाखो लोक धनुष्याने शिकार करतात. ही परंपरा ज्यांच्यापासून सुरू झाली असं मानतात ते गृहस्थ म्हणजे डॉ. सॅक्स्टन पोप. आणि पोप यांचा गुरू कोण होता, ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

२९ ऑगस्ट १९११. उत्तर कॅलिफोर्नियात ओरोव्हिल नावाचं गाव आहे, माझ्या नातवाच्या घरापासून मोटारीने दीड-एक तासावर. तिथल्या कत्तलखान्याच्या आवारात पहाटे एक माणूस सापडला. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर फाटकं कापड, भुकेने खंगलेला. केस जाळून आखूड केलेले, म्हणजे त्याच्या लोकांच्या रीतीप्रमाणे सुतकातला. त्याची भाषा कोणालाच कळेना. गावच्या शेरीफने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवलं. बघ्यांचा त्रास होऊ नये म्हणून ठेवलं, असं म्हणतात.

वर्तमानपत्रातली बातमी वाचून सॅन फ्रान्सिस्कोहून वॉटरमन नावाचे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक आले. त्यांच्याजवळ याना भाषेतल्या शब्दांची यादी होती. ते एकेक शब्द म्हणत गेले. समोरचा माणूस ढिम्म. शेवटी त्यांनी तो ज्या खाटेवर बसला होता तिच्या लाकडावर हात आपटून म्हटलं, "सिविनी." म्हणजे पाइनचं लाकूड. त्या माणसाचा चेहरा उजळला. तोही खाटेवर हात मारून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागला. तीन वर्षांत आपल्या भाषेतला शब्द त्याने पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता.

तीन वर्षं का? तर त्याच्या लोकांची कहाणी अशी. हे याही जमातीचे लोक, यानांची एक शाखा. डीअर क्रीक आणि मिल क्रीक या ओढ्यांच्या दऱ्यांत राहणारे, जेमतेम चारशे-एक असतील. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि माणसांचा लोंढा आला. ओढ्यांतले मासे गेले, हरणं गेली, ओकची फळं गुरांनी खाल्ली. उपाशी लोकांनी गुरं मारली की वस्तीवर बंदुका चालायच्या. १८४६ साली कॅलिफोर्नियात साधारण दीड लाख मूळ रहिवासी होते, ते १८७० नंतर तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराईने मेले, भुकेने मेले, आणि हजारो सरळ मारले गेले. मारणाऱ्या टोळ्यांना राज्य सरकार पैसे देत असे. २०१९ साली तिथल्या गव्हर्नरांनी याबद्दल सरकारतर्फे माफी मागितली आणि त्याला वंशसंहार म्हटलं.

याही संपले असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात मूठभर लोक जवळजवळ चाळीस वर्षं दरीत लपून राहिले. पाऊल उमटू नये म्हणून दगडांवरून चालायचे. धूर दिसू नये म्हणून चूल लहान पेटवायची. १९०८ साली धरणाच्या कामासाठी मोजणी करणारी माणसं त्यांच्या झोपड्यांपर्यंत पोहोचली. तेव्हा चारच जण उरले होते. त्यातली म्हातारी आजारी होती, पळू शकली नाही. मोजणीवाल्यांनी तिला काही केलं नाही, पण जाताना धनुष्यं, बाण, टोपल्या, कातडी असं सगळं आठवण म्हणून घेऊन गेले! शिकारीवर जगणाऱ्यांची हत्यारं आठवण म्हणून... त्यानंतर बहीण आणि म्हातारा पुन्हा दिसले नाहीत. आई थोड्याच दिवसांत गेली. मग तीन वर्षं तो एकटा.

त्याला संग्रहालयात आणलं. नाव विचारलं तर सांगेना. त्यांच्यात स्वतःचं नाव स्वतः सांगत नसत आणि सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा क्रोबर नावाच्या प्राध्यापकांनी त्याला 'ईशी' म्हणायला सुरुवात केली. याना भाषेत ईशी म्हणजे माणूस. संग्रहालयात तो झाडलोट करायचा, महिन्याला पंचवीस डॉलर पगार. रविवारी लोक यायचे, त्यांना काचेसारख्या काळ्या दगडाची बाणाची टोकं घडवून दाखवायचा.

शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होतं. १९१२ साली डॉ. सॅक्स्टन पोप तिथे शस्त्रक्रिया शिकवायला आले. ईशीच्या प्रकृतीकडे बघायचं काम त्यांच्याकडे आलं. पोपना हातचलाखीचे खेळ यायचे. नाणं गायब करून दाखवलं तेव्हा ईशी म्हणाला, हा खरा 'कुवी', म्हणजे वैदू. अशी दोस्ती जमली. आणि मग वैदू शिष्य झाला.

आता नवशिक्याचा धडा. पोपनी जे टिपून ठेवलं त्यावरून सांगते.

ईशीचं धनुष्य आखूड आणि चपटं, डोंगरी जुनिपरच्या लाकडाचं. लांबी बेचाळीस इंच, पण इंच त्याला कुठले ठाऊक! आडवा पसरलेला हात ते पलीकडची कंबर, हे त्याचं माप. धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या अंगाला, हरणाच्या पायाची स्नायूबंधनं चावून चावून तंतू करून, माशाच्या कातडीच्या सरसाने बसवलेली. यामागचं शास्त्र सोपं आहे. धनुष्य वाकलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. हे लाकूड दाब चांगला सोसतं, ताणाने तुटतं. म्हणून ताणाच्या बाजूला तंतू. इंग्रजांच्या यू लाकडात हे दोन्ही गुण निसर्गानेच दिलेले असतात, आतला गाभा दाब सोसतो आणि बाहेरचं पांढरं लाकूड ताण. आणि आजच्या धनुष्यात हेच काम काचतंतू करतो.

धनुष्य कसं सांभाळायचं याचे ईशीचे नियम होते. काम झालं की दोरी उतरवायची. उभं करून ठेवायचं नाही, आडवं ठेवायचं. उभं धनुष्य काम करतच राहतं, त्याला घाम येतो आणि ते थकतं, असं तो म्हणे. डोंगरी सिंहाच्या शेपटीच्या कातड्याची त्याला खोळ. आणि चांगलं धनुष्य गातं! त्याचं एक टोक ओठाशी धरून दोरीवर बाणाने टिचक्या मारत तो सूर काढायचा.

नातवाने दुकानातली हकिगत सांगितली, ती मी यासोबत ताडून पाहिली. दुकानदाराने आधी त्याला दोन्ही हात पसरायला लावले आणि वाव मोजली. सत्तर इंच. त्याला अडीचने भागलं, अठ्ठावीस. एवढी त्याची ओढ, त्यावरून बाणाची लांबी ठरली. ईशीचं माप आणि हे माप, दोन्ही माणसाच्या अंगावरून घेतलेली. मग दोन हातांचा त्रिकोण करून लांबची वस्तू बघायला सांगितली आणि एकेक डोळा मिटून कोणता डोळा वरचढ ते पाहिलं. उजवखुऱ्या माणसाचा डावा डोळा वरचढ असू शकतो, आणि मग नेम सतत एका बाजूला जातो. नातू म्हणाला मला जोरदार धनुष्य द्या. दुकानदाराने दिलं पंचवीस पौंड ओढीचं, तीन भागांत सुटणारं. मधली मूठ तीच ठेवायची, ताकद आणि सवय वाढली की वरचे-खालचे हात बदलायचे. सुरुवातीलाच जड धनुष्य घेणारा नेम शिकत नाही, नुसता थरथरायला शिकतो. हाताला दोरीचा फटका बसू नये म्हणून मनगटाच्या वर कातडी पट्टा, बोटांसाठी कातड्याचा तुकडा. आणि एक ताकीद, बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जाणारा जोर मग धनुष्यातच फिरतो आणि ते फुटतं.

आता अंगठ्याकडे येते.

आजचे बहुतेक तिरंदाज दोरी तीन बोटांनी ओढतात. तर्जनी बाणाच्या वर, मधली आणि अनामिका खाली. अंगठ्याला काहीच काम नाही. इंग्रजांची हीच रीत. ईशी मात्र अंगठ्याने ओढायचा. उजव्या हाताचा अंगठा दोरीत अडकवायचा आणि मधल्या बोटाचं टोक नखावर टेकवून त्याला आधार द्यायचा. मंगोल, तुर्क, मुघल यांचीही पद्धत अंगठ्याचीच होती. अंगठ्यात घालायच्या जेडच्या मुघल अंगठ्या तुम्ही संग्रहालयात पाहिल्या असतील.

हे वाचताना एकलव्य आठवल्याशिवाय कसा राहील? मी कितीतरी वर्षं तो धडा वर्गात शिकवला. द्रोणांनी नेमका अंगठा का मागितला, हे तीन बोटांच्या पद्धतीत कळतच नाही. अंगठ्याने ओढणाऱ्याचा अंगठा गेला की त्याची विद्याच गेली. महाभारतात पुढे असंही आहे की एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला, पण पहिल्यासारखी चपळाई राहिली नाही. हा तपशील शालेय पुस्तकात नसतो. तिथे गोष्ट अंगठा दिल्यावर संपते आणि खाली प्रश्न असतो, 'एकलव्याचे कोणते गुण तुम्हाला आवडले?' एकदा सातवीतल्या एका मुलीने उत्तर लिहिण्याऐवजी मलाच विचारलं होतं, "बाई, द्रोणाचार्यांचे कोणते गुण लिहायचे?" मी तिला वहीत शेरा दिला, 'उत्तम प्रश्न'. तो प्रश्न माझ्याबरोबरच निवृत्त झाला.

सॅन फ्रान्सिस्कोत ही गोष्ट उलटी घडली. इथे रानातला माणूस गुरू होता आणि पदवीधर डॉक्टर शिष्य.

ईशीने पोपना नेम शिकवला त्याहून अधिक शिकवलं ते जवळ जाणं. ठरावीक अंतरावरच्या मोठ्या लक्ष्यावर ईशीचा नेम काही अचाट नव्हता. शहरी तिरंदाज त्याला सहज हरवत. पण दहा-वीस पावलांवरची खार त्याच्या हातून सुटत नसे. तो उकिडवा बसून, धनुष्य अंगापुढे तिरपं धरून बाण मारायचा. शिकारीच्या आदल्या दिवसापासून तंबाखू नाही. सकाळी अंघोळ, वासाचा पाला अंगाला चोळायचा. ओठांनी चुंबनासारखा आवाज काढून सशाला जवळ बोलवायचा. वाऱ्याची दिशा, सावली, पायाखालचं वाळकं पान, सगळ्याचं भान. बंदुकीची गोळी धक्क्याने पाडते, बाण कापतो आणि रक्त जाऊन जनावर मरतं. म्हणून लांबून मारलेला बाण म्हणजे बहुधा जखमी होऊन तडफडणारं जनावर. जवळ जाता येत नसेल तर बाण मारायचाच नाही, हा नवशिक्याचा पहिला नियम आजही आहे. आणि मारला तर मागावर जाऊन जनावर शोधून काढणं बंधनकारक.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा ईशीला घेऊन डीअर क्रीकला गेले. ईशीला जायचं नव्हतं. जिथे आपलं सगळं माणूस मेलं तिथे सहलीला कोण जाईल! पण गेला, आणि एकदा गेल्यावर त्याने सगळं दाखवलं. इथे राहायचो, इथे पोहायचो, इथून अस्वल पाहिलं. पोपचा मुलगा त्याच्या मागे मागे हिंडायचा. त्यांची हरणाची शिकार, ओढ्यातलं पोहणं, याचे फोटो आहेत.

दोन वर्षांनी, २५ मार्च १९१६ रोजी, ईशी क्षयाने गेला. शेवटी शेवटी पोपनी त्याची शुश्रूषा केली. मृतदेहाची चिरफाड करणं त्याच्या लोकांत निषिद्ध, हे सगळ्यांना माहीत होतं. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. त्यांनी कडक शब्दांत पत्र लिहिलं की शवविच्छेदन होऊ देऊ नका, विज्ञान गेलं खड्ड्यात. पत्र पोहोचायच्या आत ते होऊन गेलं होतं. मेंदू वेगळा काढून ठेवला होता. चितेत त्याच्याबरोबर धनुष्य ठेवलं, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, शिंपल्यांचे मणी, तंबाखू. सगळं रीतीप्रमाणे, फक्त माणूस अपुरा. आणि पुढच्या वर्षी क्रोबर यांनीच तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पाठवून दिला.

गुरूने शिष्याचा अंगठा मागितला ती आपली गोष्ट. इथे शिष्यांच्या जगाने गुरूचा मेंदू ठेवून घेतला. द्रोणांनी निदान मागितला होता...

पोपविषयी मात्र एकांगी बोलवत नाही. माणूस कृतघ्न नव्हता. आर्थर यंग या मित्राबरोबर त्यांनी पुढे यूची लांब धनुष्यं करून शिकारी केल्या. संग्रहालयातली जगभरची धनुष्यं ओढून, किती लांब बाण जातो ते मोजून, तक्ते केले. १९२३ साली 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' लिहिलं. धनुष्य कसं करावं, बाण कसा करावा, साहित्य कोणतं, नेम कसा धरावा, सगळं नवशिक्याला हात धरून सांगणारं. त्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं ईशीची आहेत. ज्याला नुसतं धनुष्य शिकायचं आहे त्यालाही आधी त्या माणसाला भेटावं लागतं. पोपनी लिहिलं आहे की आम्ही ईशीच्या लेखी हुशार पण शहाणपण नसलेली पोरं होतो. १९२५ साली पोप आणि यंग आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीला गेले. दहा पावलांवरच्या खारीची विद्या सिंहापर्यंत नेली. ईशीला ते आवडलं असतं का, मला शंका आहे. १९२६ साली पोप न्यूमोनियाने गेले.

पुढचा इतिहास भराभर सांगते. यंगच्या अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट डेट्रॉइटमध्ये फ्रेड बेअर या तरुणाने पाहिला. पुढे त्याचा धनुष्यांचा कारखाना निघाला आणि सामान्य माणसाला परवडेल असं धनुष्य दुकानात आलं. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुष्याने हरणाची शिकार करायला वेगळा हंगाम दिला. १९६१ साली पोप आणि यंग यांच्या नावाने शिकाऱ्यांचा क्लब निघाला. ईशीचं नाव त्यात नाही. मिझुरीच्या हॉलेस ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना केंद्र सरकवलेल्या कप्प्या लावल्या, १९६९ साली त्याचं पेटंट मिळालं. त्याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. सत्तर पौंडांचं असं धनुष्य पूर्ण ओढलं की हाताला चौथाईएवढाच भार राहतो, नेम धरायला सवड मिळते. आज तिकडचे बहुतेक शिकारी तेच वापरतात.

इकडे आपल्याकडे काय? सातपुड्यात भिल्लांच्या हातातला तिरकामठा आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो. इंग्रजांनी १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, जेम्स औट्रमच्या हाताखाली, कारण त्या डोंगरात त्यांना हरवणं जमेना. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या माणसांनी बंदुकांपुढे तिरकामठे घेऊन झुंज दिली. भिल्ल एकलव्याला आपला मानतात, आणि त्याच्यासाठी बाण सोडताना अंगठा लावत नाहीत असं सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानात शिकार बंद झाली, धनुष्यानेसुद्धा. नातवाने सुट्टीत इकडे येऊन तसलं काही मनात आणू नये! वाघ-हरणं राहायची तर कायदा हवाच होता. पण ज्यांचं पोट रानावर होतं त्यांना त्याच रानात गुन्हेगार व्हावं लागलं, हेही विसरून चालणार नाही.

विद्या मात्र मेली नाही. राजस्थानातल्या आदिवासी मुलाने, लिंबारामने, बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात करून १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकपर्यंत मजल मारली. २०२३ साली बर्लिनला आपली साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदाच असणार आहे, मिश्र सांघिक प्रकारात.

तर निवाडा. मी नातवाला 'जाऊ नको' म्हटलं नाही, 'जा' असंही म्हटलं नाही. मी त्याला तीन गोष्टी लिहून पाठवल्या. पहिली, वर्षभर फक्त गवताच्या लक्ष्यावर मार, आणि ज्या अंतरावर दहातले दहा बाण वाटीएवढ्या जागेत बसतील तेवढंच तुझं अंतर, मग ते पंधरा पावलं का असेना. दुसरी, जे मारशील ते खाशील, भिंतीवर टांगशील ते नाही. तिसरी, परवान्याच्या परीक्षेआधी पोपच्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं वाच. सूनबाईचं समाधान झालं नाही, मुलाचंही नाही. म्हणजे निवाडा बहुधा बरा झाला असावा.

राहिली ईशीची गोष्ट. त्याचा मेंदू कुठे आहे ते अनेक वर्षं त्याच्या मुलखातल्या लोकांना ठाऊक नव्हतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस शोध लागला, स्मिथसोनियनच्या कोठारात. याही तर कोणी उरले नव्हते, पण याना रक्ताची माणसं रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या समाजांत होती. त्यांनी मागणी लावून धरली. ऑगस्ट २००० मध्ये मेंदू त्यांच्या हवाली झाला, दफनभूमीतल्या रक्षेशी एकत्र केला आणि डीअर क्रीकच्या मुलखात कुठेतरी पुरला. २०२१ साली बर्कलीच्या विद्यापीठाने क्रोबर यांचं नाव इमारतीवरून काढलं.

जागा कोणती ते त्या लोकांनी कोणालाच सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं जो पाऊल उमटू न देता राहिला, त्याला तेवढं तरी त्याच्या मनासारखं मिळालं.